चौदाव्या वर्षी निकाल लावू नका : वयोगट निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या क्रिकेट संघटनांचे पदाधिकारी आणि वयोगट निवड समित्यांचे सदस्य यांस,

महोदय,

चौदा वर्षांखालच्या यादीत ज्याचं नाव नव्हतं, तो सोळाच्या चाचणीला गर्दीतला एक म्हणून उभा राहतो. सोळातही हुकला, की एकोणीसला त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. असा लेखी नियम कुठेच नाही. पण मागच्या यादीतल्या मुलांना थेट शिबिराला बोलवायचं आणि बाकीच्या शेकडो मुलांची छाननी एका दिवसात उरकायची, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिलाच नियमाचं बळ आलं आहे. नव्या मोसमाच्या चाचण्या तोंडावर आहेत. यंदाही तेच होणार असेल तर गप्प बसणं आम्हाला जमणार नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही जिल्ह्या-तालुक्यांच्या आणि उपनगरांच्या मैदानांवर मुलांना शिकवणारे प्रशिक्षक आणि सामन्यांचं स्कोअरबुक लिहिणारे स्कोअरर आहोत. यादी लागते त्या संध्याकाळी मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना समजावण्याचं काम आमच्याकडे येतं. ‘का नाही घेतलं?’ या प्रश्नाचं उत्तर यादीत नसतं. नुसती नावं असतात.

आमचं म्हणणं एकच आहे. आजची निवड ‘कोण लवकर वाढला’ हे मोजते. ‘कोण पुढे वाढणार’ हे पाहण्याची सोय तिच्यात नाही. आणि क्रिकेट हा उशिरा उमलणाऱ्यांचा खेळ आहे, याचे पुरावे आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत.

जानेवारी १९९२ मधली सिडनीची कसोटी आठवा. सलामीला आलेल्या रवी शास्त्रींनी २०६ धावा केल्या. हेच शास्त्री फेब्रुवारी १९८१ मध्ये वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळले, तेव्हा डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून संघात होते आणि दहाव्या क्रमांकावर फलंदाजीला आले होते. सिडनीच्या त्याच डावात ऑस्ट्रेलियाचा एक जाडसर, सोनेरी केसांचा लेगस्पिनर पहिलीच कसोटी खेळत होता. १५० धावा देऊन त्याच्या हाती एकच बळी लागला, तोही शास्त्रींचा. तो शेन वॉर्न. त्याचे बळी पुढे ७०८ झाले. पहिल्या सामन्याच्या स्कोअरबुकावर भविष्य ठरवायचं म्हटलं असतं, तर या डावातला द्विशतकवीरही उरला नसता आणि त्याला बाद करणाराही.

दक्षिण आफ्रिकेच्या जाक कॅलिसच्या पहिल्या पाच कसोट्यांत सात डाव मिळून ५७ धावा होत्या. शेवटी १३,२८९ झाल्या. श्रीलंकेच्या मार्वन अटापट्टूची पहिल्या सहा डावांची बेरीज एक धाव. पाच वेळा शून्य आणि एकदा एक. पुढे त्यानं कसोटीत सहा द्विशतकं केली. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉला पहिलं कसोटी शतक सत्ताविसाव्या कसोटीत, १९८९ च्या हेडिंग्लेला गवसलं. हे आकडे आपल्यालाही पाठ असतील. आमचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. या तिघांनाही खाली परतायला जागा होती. अटापट्टू वगळला गेला तेव्हा श्रीलंकेचं देशांतर्गत क्रिकेट त्याच्यासाठी खुलं होतं. तिथे धावांची रास घालून तो परत आला. यादीतून सुटलेला आमचा चौदा वर्षांचा मुलगा कुठे परतणार? त्याला पुढच्या वर्षी सामनेच नसतात.

आता घरची उदाहरणं. उमेश यादव नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या कोळसा खाणपट्ट्यातला. विशीला येईपर्यंत तो टेनिस चेंडूनंच खेळत होता. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०११ मध्ये कसोटी, आणि ५७ कसोट्यांत १७० बळी. आपल्या चौदा-सोळा-एकोणीसच्या शिडीची एकही पायरी त्याच्या वाटेत नव्हती. त्याच विदर्भाचा रजनीश गुरबानी अभियांत्रिकीचं शिक्षण घेऊन प्रथम श्रेणीत आला आणि २०१७-१८ च्या मोसमात इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेऊन विदर्भाला पहिला रणजी करंडक मिळवून देणाऱ्यांत पुढे राहिला. रोहित शर्मा शाळेत आला तो ऑफस्पिनर म्हणून, खालच्या क्रमांकावर खेळणारा. दिनेश लाड सरांनी त्याला बॅटनं नॉकिंग (चेंडू हलकेच टोलवत सराव) करताना पाहिलं आणि सलामीला पाठवलं. तिथेच गोष्ट संपत नाही. एकदिवसीय सामन्यांत २००७ ते २०१२ त्याची सरासरी जेमतेम तिशीत होती, २०११ च्या विश्वचषक संघात जागा नव्हती. २०१३ मध्ये सलामीला बढती मिळाली आणि वर्ष संपायच्या आत बंगळुरूला २०९ झाल्या. म्हणजे एकाच माणसाला दोनदा, दोन वेगळ्या वयांत, वेगळ्या जागी उभं करून पाहावं लागलं.

आणि श्रीरामपूरचा झहीर खान. त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘सुधारणा’ म्हणजे नेमकं काय घडतं हे त्याच्याइतकं स्वच्छ कुणात दिसत नाही. २००० मध्ये तो भारताकडून खेळला तेव्हा वेग होता, यॉर्कर होता. पुढे दुखापती आल्या, वेग ओसरला आणि २००६ मध्ये तो संघाबाहेर होता. त्या उन्हाळ्यात त्यानं इंग्लंडला वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट (तिथलं देशांतर्गत क्रिकेट) खेळून ७८ बळी घेतले. तिथे दर आठवड्याला चार दिवसांचा सामना असतो. रोज जीव तोडून वेगात टाकलं तर मोसम निम्म्यावर यायच्या आत शरीर बोलायला लागतं. म्हणून धाव आखूड झाली, टाकतानाची उडी कमी झाली. उडी कमी झाली की पुढचा पाय दर वेळी त्याच जागी पडतो, डोकं कमी हलतं आणि शिवण सरळ राहते. डावखुऱ्यांना विकेटच्या दुसऱ्या बाजूनं येऊन टाकणं, जुना चेंडू हातात झाकून आणणं, ही कलाकुसर शेकडो षटकं टाकताना बसत गेली. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला नऊ बळी आणि भारताचा इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी मालिका विजय. कारकीर्द संपली तेव्हा ३११ कसोटी बळी. हे सगळं कशामुळे? षटकं मिळाली म्हणून. संघाबाहेर असताना मिळाली, हे महत्त्वाचं.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार चाचणीबद्दल. एका नेटमध्ये फलंदाजाला बारा-पंधरा चेंडू मिळतात, गोलंदाजाला फार तर दोन षटकं. चेंडू टाकणारेही चाचणीला आलेलीच मुलं असतात. घाबरलेली. त्यांतले चार-पाच चेंडू लेगला बाहेर जातात, दोन डोक्यावरून. उरलेल्या सहा-सात चेंडूंवर एका मुलाचं वर्ष ठरतं. तालुक्यातला मुलगा मॅटिंगवर, म्हणजे अंथरलेल्या चटईच्या विकेटवर, शिकलेला असतो. मॅटवर चेंडू उंच आणि एकसारखा उसळतो, म्हणून तो मागच्या पायावर थांबायला शिकतो. आपल्या चाचणीला तो आयुष्यात पहिल्यांदा टर्फ (माती-गवताच्या) विकेटवर उभा राहतो. तिथे सकाळी तोच चेंडू खाली राहतो, घसरून येतो. पॅडवर बसतो किंवा यष्टी घेऊन जातो. ही सवय बदलायला साधारण तीन-चार सत्रं लागतात. आपण देतो पाच मिनिटं. गोलंदाजाचंही तेच. मॅटिंगवर रबरी तळाचे बूट चालतात; दवानं ओल्या टर्फवर तेच बूट घसरतात, पुढचा पाय रुतत नाही, मुलगा पडायच्या भीतीनं धाव कमी करतो आणि आपल्या वहीत ‘वेग नाही’ अशी नोंद होते. टेनिस चेंडू ५८ ग्रॅमच्या आसपास, सीझन बॉल (सामन्याचा कातडी चेंडू) १५६ ते १६३ ग्रॅम. टेनिसवर वाढलेल्या मुलाच्या हातून सुरुवातीला सीझन बॉल आखूड पडतो किंवा लेगला सुटतो. मनगटाला ते वजन कळेपर्यंत काही आठवडे जावे लागतात. उमेश यादव त्या रांगेत असता तर?

रांगेचाही एक मुद्दा आहे. कल्याणचा तुषार देशपांडे लहानपणी चाचणीला गेला तेव्हा फलंदाजांची रांग फार लांब होती, म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, असं तो सांगतो. त्याचं भलं झालं. पण २०२४ मध्ये त्यानं अकराव्या क्रमांकावर येऊन मुंबईसाठी रणजी उपांत्यपूर्व सामन्यात १२३ धावा केल्या, तेव्हा आमच्या मनात ती लांब रांगच आली. मुलगा काय होणार हे रांगेच्या लांबीनं ठरू नये.

दुसरी तक्रार वाढीच्या वयाबद्दल. भारतीय क्रिकेट मंडळाच्या स्पर्धांसाठी वयाची तारीख १ सप्टेंबर धरली जाते. त्या तारखेनंतर लगेच जन्मलेला मुलगा आणि पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस जन्मलेला मुलगा एकाच वर्षाचे धरले जातात. चौदाव्या वर्षी अकरा-बारा महिन्यांचा फरक म्हणजे मनगट, खांदा, उंची, सगळंच वेगळं. त्यात मुलांची उंची झपाट्यानं वाढण्याचा काळ कुणाचा बाराव्या वर्षी येतो, कुणाचा पंधराव्या. लवकर वाढलेला मुलगा तेरा वर्षांच्या मुलांना छातीच्या उंचीचे चेंडू टाकतो आणि बळी घेतो; त्याला टप्पा शिकायची गरजच पडत नाही. लवकर वाढलेला फलंदाज जड बॅट घेऊन खालच्या हातानं चेंडू लहान सीमारेषेपार ओढतो. सतराव्या वर्षापर्यंत बाकीचेही वाढलेले असतात, सीमारेषा मागे जाते आणि तो ओढलेला फटका मिडविकेटच्या हातात विसावतो. तोपर्यंत चेंडू सोडायला शिकलेला, एकेरी धावांवर तग धरणारा किरकोळ मुलगा खेळ सोडून गेलेला असतो.

वाढ सुरू असतानाचे महिने तर सर्वांत नाजूक. आधी पाय लांबतात, धड मागून येतं. फलंदाजाचं डोकं ऑफ यष्टीच्या बाहेर झुकायला लागतं, सरळ चेंडूवर तो पायचीत होतो. काल जे जमत होतं ते आज जमत नाही. त्याचा इलाज साधा आहे : उभं राहताना दोन पायांतलं अंतर बुटाच्या रुंदीएवढं वाढवायचं, बॅटची लांबी पुन्हा मापायची, सहा-आठ आठवडे फक्त सरळ बॅटचे थ्रोडाउन (जवळून हातानं फेकलेले चेंडू) द्यायचे. गोलंदाजाचं पाऊल लांबतं, म्हणून जुन्या खुणेवरून धावला की नोबॉल पडतो. धाव दर महिन्याला नव्यानं मापावी लागते. हे केलं नाही की वहीत ‘नोबॉल टाकतो’, ‘पायचीत होतो’ अशा नोंदी जातात आणि तेवढ्यावर मुलगा बाद ठरतो. त्या नोंदी खोट्या नसतात. त्या एका मोसमाच्या असतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांची हाडांची चाचणी होते, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. तो वय लपवणाऱ्यांना पकडण्यासाठी असतो, आणि ते हवंच. पण त्याच एक्स-रेवरून मुलाची वाढ किती झाली आणि अंदाजे किती बाकी आहे, हेही जाणकाराला कळतं. तो अहवाल ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढं सांगून फायलीत जातो. निवड समितीच्या टेबलावर त्याचा उपयोग शून्य. इतकी मोलाची माहिती हाताशी असताना आपण ती वापरत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

तिसरी तक्रार वेगवान गोलंदाजांच्या पाठींची. चौदा-पंधराव्या वर्षी जो बळी घेतो, त्याच्याकडून शाळा, क्लब, जिल्हा, शिबिर, सगळे टाकून घेतात आणि एकत्र हिशेब कुणीच ठेवत नाही. वाढत्या वयात कण्याच्या खालच्या मणक्यांना बारीक चीर जाते, उजव्या हातानं टाकणाऱ्याला बहुधा डाव्या बाजूला. सुरुवातीला ‘कंबर धरली’ एवढंच मूल सांगतं. मागे वाकताना एका बाजूला दुखत असेल तर त्याच दिवशी गोलंदाजी थांबवून डॉक्टरांना दाखवायला हवं. मलम लावून खेळवलं की तीन-चार महिन्यांचं दुखणं वर्षावर जातं. इंग्लंडच्या मंडळानं वर्षानुवर्षं मर्यादा घालून दिल्या : तेरापर्यंतच्या मुलाला एका स्पेलमध्ये (एका दमात) ५ आणि दिवसाला १० षटकं, चौदा-पंधराला ६ आणि १२, सोळा-सतराला ७ आणि १८. आपल्याकडे असं काही पाळलं जातंय का, हे स्कोअरबुकं उघडून पाहा. ज्याची पाठ गेली तो ‘सातत्य नाही’ म्हणून वगळला जातो.

चौथी तक्रार थोडक्यात. एकोणीसनंतर मुलगा तेवीस वर्षांखालच्या संघात आला नाही, तर त्याला तीन-चार दिवसांचे सामने उरत नाहीत. मुंबईत कांगा लीगच्या खालच्या विभागांत का होईना, पावसाळी ओल्या विकेटवर तो खेळत राहतो. जिल्ह्यांत तीही सोय सगळीकडे नाही. मुलींचं तर विचारूच नका. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे भालाफेक करणारी, क्रिकेटकडे उशिरा वळलेली. तिचं नाव देशभर झालं ते २०२२ मध्ये, नागालँडकडून खेळताना टी-ट्वेंटीत केलेल्या नाबाद १६२ धावांनी. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली.

आम्हाला ठाऊक आहे, मंद सुरुवात करणारा प्रत्येक जण कॅलिस होत नाही. बहुतेक होत नाहीत. लवकर उमललेल्या मुलांवर आमचा राग नाही. तीही आमचीच मुलं आहेत. निवडणाऱ्यांवर वेळेचा, मैदानांचा आणि पालकांचा किती ताण असतो, हेही आम्ही जवळून पाहतो. आपल्यापैकी काही जण आमच्या फाटक्या मॅटपर्यंत येऊन बसले आहेत, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. म्हणून करता येण्याजोग्याच मागण्या मांडतो.

१. नेटमधली एका दिवसाची छाननी बंद करा. पहिली छाननी जिल्हा आणि शाळांच्या स्कोअरबुकांवरून व्हावी. उरलेल्यांना मैदानावर, क्षेत्ररक्षण लावून, दोन वेगळ्या दिवशी खेळवावं : फलंदाजाला किमान ३० चेंडू, वेगवान आणि फिरकी दोन्ही, गोलंदाजाला दोन स्पेलमध्ये मिळून ६ षटकं. मॅटिंगवरच्या मुलांना आदल्या दिवशी टर्फवर सराव आणि लागेल त्याला स्पाइकचे बूट द्यावेत.

२. सोळा आणि एकोणीसच्या प्रत्येक शिबिरात एक तृतीयांश जागा आधीच्या कोणत्याही वयोगटाच्या यादीत नसलेल्यांसाठी राखाव्यात. मुलींसाठीही.

३. हाडांच्या चाचणीचा अहवाल संघटनेच्या फिजिओनं वाचून, वाढ बाकी असलेल्या मुलांची वेगळी नोंद समितीला द्यावी. नावं जाहीर करू नयेत. मात्र निवडलेल्या मुलांत कोणत्या तिमाहीत जन्मलेले किती, हा आकडा दर वर्षी प्रसिद्ध करावा.

४. न निवडलेल्या प्रत्येक मुलाला अर्ध्या पानाचा शेरा मिळावा : काय दिसलं, काय सुधारायचं, पुन्हा कधी पाहणार.

५. वेगवान गोलंदाजांसाठी एकच षटकवही असावी. शाळा, क्लब, जिल्हा कुठेही टाको, षटकं त्याच वहीत चढावीत आणि मर्यादा ओलांडली की पंचांनी थांबवावं.

६. बारा वर्षांखालच्या मुलांना २२ यार्डांऐवजी १८-१९ यार्डांची विकेट आणि १३३ ते १४४ ग्रॅमचा लहान चेंडू द्यावा. म्हणजे लहान चणीचा मुलगाही चेंडूला उंची देऊन टप्प्यावर टाकू शकेल आणि फिरकी गोलंदाज हवेत चेंडू सोडायला घाबरणार नाही.

७. एकोणीस ते पंचवीस वयाच्या, कोणत्याही संघात नसलेल्या खेळाडूंसाठी प्रत्येक जिल्ह्यात दोन दिवसांच्या सामन्यांची लीग सुरू व्हावी, आणि त्या लीगच्या धावा-बळी वरिष्ठ संघाच्या निवडीत मोजले जावेत.

यातल्या चौथ्या आणि पाचव्या मागणीचं काम आम्ही आमच्या वेळात, मानधन न घेता करायला तयार आहोत. शेऱ्याचा नमुना आणि षटकवहीची आखणी आमच्याकडे तयार आहे. वही आठ रकान्यांची आहे : तारीख, सामना की सराव, चेंडूचा प्रकार, विकेट (मॅट की टर्फ), स्पेल, षटकं, नोबॉल, आणि शेवटी ‘कुठे दुखलं का’. आपण एका जिल्ह्यात एक मोसम ती वापरून पाहा. चाचण्यांच्या तारखा जाहीर होण्याआधी यातलं काय करणार आणि काय करणार नाही, याचं लेखी उत्तर द्यावं आणि ते मैदानाच्या फलकावर लावावं, म्हणजे मुलांनाही वाचता येईल.

आपले,
मैदानांवरचे प्रशिक्षक आणि स्कोअरर